कोणाचा दात

दात कोरून पोट भरत नाही, असं लोक म्हणतात. आमच्या घराचं भरलं. बाबा दात करायचे. डॉक्टर नव्हेत, डॉक्टर वेगळे. डॉक्टर खुर्चीपाशी उभे राहतात, माणसाच्या तोंडाचं माप घेतात आणि ते डबीत घालून आमच्याकडे पाठवतात. मग आमच्या पुढच्या खोलीत बाबा त्यात प्लॅस्टर ओतून जबडा काढणार, त्यावर मेणाचा दात कोरणार, मेण वितळवून त्या जागी पोर्सिलेन भरणार, भट्टीत घालणार, घासणार, चमकवणार. आई तो दात कापसात गुंडाळून दवाखान्यात पोचवणार. तिथे डॉक्टर तो बसवतात आणि माणूस आरशात बघून म्हणतो, डॉक्टर, तुमच्या हाताला काय गुण आहे हो. हे वाक्य बाबांनी एकदा दवाखान्याच्या बाकावर बसून स्वतःच्या कानांनी ऐकलं. त्यानंतर ते कुठल्याही दवाखान्याची पायरी चढले नाहीत. दात पोचवायचं काम आईकडे आलं ते तेव्हापासून.

बाबा म्हणजे कोणी प्रेमळ, अबोल कारागीर वगैरे असतील असं वाटत असेल, तर ते आधीच डोक्यातून काढून टाका. तोंडाळ माणूस. सकाळी उठल्यापासून कोणावर ना कोणावर चिडलेला. प्लॅस्टर लवकर सुकलं की प्लॅस्टरवर, उशिरा सुकलं की हवेवर, आणि हवा चांगली असली की माझ्यावर. खोलीभर पांढरी धूळ, मोटरची घरघर, आणि त्या घरघरीच्या वर बाबांचा आवाज. शेजारच्यांना आमच्या घरातलं काहीच विचारावं लागायचं नाही. सगळं ऐकूच जायचं.

पण एक गोष्ट होती. बाबा कुठल्याही कामाला हात लावायच्या आधी एकच प्रश्न विचारायचे: कोणाचा?

मापाबरोबर चिठ्ठी यायची. तिच्यावर दाताचा नंबर, रंगाचा नंबर आणि कधी पाहिजे ते. बाबा चिठ्ठी वाचायचे आणि फोन उचलायचे. पुरुष आहे की बाई. वय काय. शेजारचे दात किती झिजलेत. शिवणकाम करते का, दोरा दातांनी तोडते का. खिळे तोंडात धरणारा सुतार आहे की दिवसभर बोलणारा मास्तर. त्यांचं म्हणणं असं की साठीच्या तोंडात विशीचा दात बसवला की माणूस हसायचा बंद होतो. कारण विचारलं तर सांगता येत नाही, पण हसत नाही. म्हणून बाबा नवा दात आधी नीट करायचे आणि मग मुद्दाम जुना करायचे. कड थोडी घासायची, कोपरा कणभर खाली आणायचा, मधे एक पुसट रेघ सोडायची. दात बसला की शेजारच्या दातांना कळता कामा नये कोण नवीन आलंय, असं म्हणायचे. हे त्यांचं बोलणं मात्र मला आवडायचं. आवडायचं हे कबूल करायला मला बरीच वर्षं लागली.

डॉक्टरांना या प्रश्नाचा भयंकर कंटाळा होता, आणि सगळ्यांत जास्त मोठ्या डॉक्टरांना. मोठे डॉक्टर म्हणजे गावातला सगळ्यांत मोठा दवाखाना असलेले, दातांच्या कॉलेजात शिकवणारे. आमचं निम्मं काम त्यांचं. बाबांनी फोनवर "कोणाचा आहे, साहेब?" विचारलं की पलीकडून ठरलेलं उत्तर यायचं, आणि ते मला तिसऱ्या खोलीत ऐकू यायचं, "अरे, दात म्हणजे दात. नंबर लिहिलाय ना? कर आणि पाठव." बाबा त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठे, तरी अरे. बाबा "हो साहेब" म्हणून फोन ठेवायचे. मग पुढचा अर्धा तास दातओठ खात बसायचे आणि जो समोर येईल त्याच्यावर काढायचे. समोर बहुतेक मीच असायची.

मी नऊ वर्षांची असताना त्यांनी मला उरलेल्या मेणाचा तुकडा दिला, शेपूट मागे लागू नये म्हणून. मी दात कोरला. त्यांनी भिंगातून बघितला, ठोंब्या म्हणाले आणि परत कोरायला लावला. असं आठ वर्षं चाललं. ठोंब्या शब्द कधी सुटला नाही, पण शेवटच्या वर्षी माझे दोन दात त्यांनी न सांगता भट्टीत घातले आणि ते कोणाच्या तरी तोंडात गेले. आईने मला हळूच सांगितलं. त्यांनी कधीच नाही.

शाळेच्या शेवटच्या परीक्षेचा निकाल लागला आणि मार्क चांगले पडले, तिथून खरी भांडणं सुरू झाली. बाबांनी मला काही विचारलंच नाही. संध्याकाळी दातांच्या कॉलेजाचा फॉर्म माझ्या ताटाशेजारी आणून ठेवला आणि म्हणाले, या घरातलं कोणीतरी फोनच्या त्या बाजूला बसलं पाहिजे. बस्स, एवढंच कारण. लोकांचे दात दुरुस्त व्हावेत म्हणून नाही, मला आवडेल म्हणून नाही. बावीस वर्षं त्यांनी "हो साहेब" म्हटलं, त्याचं उट्टं मी काढायचं.

मला भूशास्त्र शिकायचं होतं. याचाही दोष खरं तर त्यांच्याच खोलीचा. पोर्सिलेनच्या पुडीच्या बाटल्या लहानपणापासून बघत होते. ही पूड कशाची असते म्हणून एकदा विचारलं, तर बाबा म्हणाले, कंपनीत करतात, डोकं खाऊ नकोस. शाळेत रसायनाच्या बाईंना विचारलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी एक गुलाबीसर खडा आणून माझ्या हातावर ठेवला. फेल्डस्पार, म्हणाल्या, डोंगरातून काढतात, दळतात, आणि त्याची पूड. प्लॅस्टरसुद्धा एक दगडच, भाजून दळलेला. मी घरी येऊन आमच्या खोलीकडे नव्याने बघितलं. माणसं तोंडात डोंगर घेऊन फिरतात आणि त्यांना पत्ताच नाही. तेव्हापासून मला दुसरं काही नको होतं.

हे मी बाबांना सांगितलं तेव्हा ते हसले. त्यांचं हसणं रागापेक्षा वाईट. दगड फोडायला कॉलेज कशाला लागतं, म्हणाले, रस्त्याच्या कामावर जा, हातोडी तेच देतात. मी म्हटलं, आणि दिवसभर दुसऱ्याच्या तोंडात बोटं घालायला काय अक्कल लागते, मोठ्या डॉक्टरांकडे बघितलं तर काही लागत नसावी. मग घर डोक्यावर घेतलं आम्ही दोघांनी. आई मधे पडली नाही. ती डब्या भरत राहिली. बाप तशी लेक, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं, एवढंच पुटपुटली.

तीन आठवडे हेच. मी जेवताना बोलले की ते ताट घेऊन पुढच्या खोलीत. ते बोलले की मी उठून बाहेर. दातांच्या कॉलेजाच्या प्रवेशाला लेखी परीक्षा होती, आणि तिच्याबरोबर एक हाताची परीक्षा: मेणाचा ठोकळा देतात, त्यातून दात कोरून द्यायचा. हाताच्या परीक्षेत नापास, तर लेखीत कितीही मार्क असोत, नाव यादीत येत नाही. बाबांना या परीक्षेचं नाव निघालं की आनंदाच्या उकळ्या फुटायच्या. बाकीच्या पोरांनी मेण कधी हातात धरलेलं नसणार. ही परीक्षा म्हणजे हातचा मळ, असं ते आईला मला ऐकू जाईल अशा बेताने सांगत.

एकदा माझा तोल गेला. मी म्हटलं, "द्या पाठवून. मी मेणाचा बटाटा कोरून येईन."

बाबा म्हणाले, कोरून बघ, मग माझ्याशी गाठ आहे.

इकडे मी भूशास्त्राचाही फॉर्म भरला होता. मी अजून सज्ञान नव्हते, पालकाची सही लागत होती. ती आईने केली. आयुष्यात पहिल्यांदा बाबांना न विचारता तिने कुठे सही केली असेल. पेन खाली ठेवून तिने मला सांगितलं की मी तुझी बाजू वगैरे घेत नाहीये, मला घरात शांतता पाहिजे. पण दोन्हीकडे नाव लागलं तर बाबा मला कुठे ढकलतील हे सांगायला ज्योतिषी नको होता. दातांकडे नाव लागता कामा नये, एवढाच एक मार्ग होता. बटाटा मी रागाने बोलून गेले होते. परीक्षेच्या दिवसापर्यंत तो माझा पक्का बेत झाला होता.

परीक्षेला लांबच लांब टेबलं होती, प्रत्येकाच्या पुढ्यात मेणाचा एक ठोकळा, एक सुरी, एक कागद. कागदावर लिहिलं होतं: वरच्या जबड्यातला डावा, मधला, पुढचा दात. खरा असतो तेवढाच. वेळ दीड तास. मी ठोकळा उचलला आणि सवयीने तळहातात धरून बसले, कारण थंड मेण तुटतं. आजूबाजूचे सगळे लगेच सुरी चालवायला लागले होते आणि त्यांच्या मेणाच्या कपच्या उडत होत्या. मी बटाटाच करणार होते. पण कागद परत वाचला आणि माझ्या तोंडून, शपथेवर सांगते, आपोआप प्रश्न निघाला. मी हात वर केला. पर्यवेक्षक जवळ आले. मी विचारलं, "कोणाचा?"

त्यांना कळलं नाही. मी म्हटलं, दात कोणाचा कोरायचा, वय लिहिलेलं नाही. आसपासची दोन टेबलं फिदीफिदी हसली. पर्यवेक्षकांनी माझ्याकडे बघून सांगितलं की दात म्हणजे दात, कोरा.

झालं. नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या. तेच वाक्य, तोच सूर. बटाटा बिटाटा सगळं डोक्यातून गेलं. कोणाचा ते लिहिलेलं नाही ना, मग मी ठरवते कोणाचा, असं मनाशी म्हटलं. आणि डावा, मधला, पुढचा दात म्हटल्यावर मला जगात एकच नीट माहीत होता. जो माणूस सतरा वर्षं रोज तोंडासमोर उभा राहून ओरडतो, त्याचा तो दात आपल्याला आपल्या नखासारखा पाठ असतो. बाबांचे दोन्ही हात कामात असले की ते कवळीला लावायची तार दातात धरायचे. इतरांना सांगायचे, दातांचं हत्यार करू नका. स्वतः वर्षानुवर्षं तेच केलं. त्या दाताच्या कडेला तारेची खाच पडली होती, एका बाजूला झुकलेली. बाहेरचा कोपरा जास्त झिजलेला, कारण ते रागात दात खातात ते त्याच बाजूने. मी तो कोरला. खाच कोरली, झीज कोरली, मधली बारीक रेघसुद्धा कोरली. वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा मी भानावर आले. तो दात टेबलावर ठेवून बाहेर पडताना मला रडू येत होतं, कारण इतका चांगला दात मी आधी कधी कोरला नव्हता आणि आता मी दातांच्या कॉलेजात जाणार हे नक्की होतं.

आठ दिवसांनी निकाल लागला. लेखीत मी वरच्या दहांत. हाताच्या परीक्षेत पन्नासपैकी चार.

मला काय वाटलं ते खरं सांगते. पहिल्यांदा सुटका. आणि लगेच त्याच्या मागोमाग संताप, की चार?

बाबांनी निकालाचा कागद वाचला, घडी केली, बाकावर ठेवला. त्या दिवशी ते ओरडले नाहीत. मोटर बंद केली आणि म्हणाले, बटाटाच कोरलास ना. मी काही बोलायच्या आत आई मला आतल्या खोलीत घेऊन गेली. मूग गिळून गप्प बस, म्हणाली. चिडतील महिनाभर. बटाटा तर बटाटा. शुक्रवारी दगडांच्या कॉलेजात जाऊन नाव पक्कं करून ये, शेवटची तारीख आहे. तिचं बरोबर होतं. भूशास्त्राच्या यादीत माझं नाव आलं होतं. मी फक्त तोंड बंद ठेवायचं होतं, आणि तेही चारच दिवस.

दोन दिवस मी बंद ठेवलं. बाबा येता-जाता बोलत राहिले. खाली मुंडी पाताळधुंडी म्हणाले. बापाच्या तोंडाला काळं फासलं म्हणाले. मी ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी ते आईला सांगत होते, मला ऐकू जाईल असंच, की मुद्दाम केलं असेल असं मला वाटत होतं, पण आता वाटतं हिने खरंच प्रयत्न केला असेल. "तिच्या हातात कामच नाही. आठ वर्षं फुकट मेण वाया घालवलं मी."

हे मला सहन झालं नाही. मुद्दाम नापास झाले म्हणा, कृतघ्न म्हणा, काय वाटेल ते म्हणा. मी पुढच्या खोलीत गेले आणि म्हटलं, "जाऊन बघा मी काय कोरलंय ते. फेरतपासणीला पालकांना दाखवतात. उद्या शेवटचा दिवस आहे. जा आणि भिंग घेऊन बघा."

आईने कपाळावर हात मारला. आपल्याच पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात ते हेच. मीही दोन पावलं मागे जाऊन विचार केला तेव्हा मला कळलं की मी काय करून बसले. दात बघितला की बाबा अर्ज करणार. अर्ज केला की तो समितीपुढे जाणार, आणि तो दात बरोबर होता, हे बाबांसारखा माणूस समितीला पटवून देणार. त्या अर्जावर माझी सहीसुद्धा लागत नव्हती. पालकाची पुरत होती.

दुसऱ्या दिवशी गुरुवारी आम्ही दोघं दातांच्या कॉलेजात गेलो. बावीस वर्षांनी बाबा अशा जागी पाय ठेवत होते जिथे औषधाचा तो वास येतो. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. एका खोलीत ट्रे मांडले होते, प्रत्येक दाताखाली नंबर, आणि खुर्चीत मोठे डॉक्टर. मार्क त्यांनीच दिले होते. त्यांनी बाबांना ओळखलं नाही. बाबा नमस्कार म्हणाले तेव्हा फोनवरच्या आवाजावरून ओळखलं. अरे तू, म्हणाले, ही तुझी मुलगी होय, मग तर हिला चांगलं यायला हवं होतं.

बाबांनी माझा नंबर शोधला, खिशातून भिंग काढलं आणि वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. मी त्यांच्या मागे उभी होते, मला चेहरा दिसत नव्हता. फक्त गालाची हालचाल दिसली. ते जिभेने स्वतःचा दात चाचपत होते.

मग त्यांनी सरळ होऊन विचारलं की यात चुकलंय कुठे. मोठ्या डॉक्टरांनी पेनच्या टोकाने दाखवलं. ही कड झिजलेली. हा कोपरा उतरलेला. आणि ही खाच बघ, ही तर सरळसरळ सुरी घसरली आहे. झाकायला म्हणून मग बाकीचं घासत बसली. पुस्तकात दात कसा आहे आणि हा कसा आहे. "असा दात कोणाच्या तोंडात असतो का?"

बाबांनी एक बोट घालून वरचा ओठ उचलला.

खोलीत आणखी दोन पालक होते, ते बघत राहिले. मोठे डॉक्टर आधी बाबांच्या तोंडाकडे बघत होते, मग ट्रेकडे, मग परत तोंडाकडे. इतकी वर्षं या माणसाच्या हातचे दात ते लोकांच्या तोंडात बसवत आले होते, आणि त्याचं स्वतःचं तोंड त्यांनी आज पहिल्यांदा बघितलं. मला त्या क्षणी बाबांचा इतका अभिमान वाटला की माझं काय होणार आहे ते मी विसरले.

मोठे डॉक्टर सावरले. घसा साफ केला आणि अर्जाचा कागद पुढे सरकवला. सही कर, म्हणाले, समितीला मी सांगतो, होऊन जाईल, एवढं काय त्यात. पेनसुद्धा दिलं. बाबांनी पेन घेतलं. कागद सरळ केला. मी डोळे मिटून घेतले होते, कारण माझं सगळं त्या एका सहीवर होतं आणि माझ्याच उचलल्या जिभेने मी ते तिथवर आणलं होतं.

बाबांनी मला हाक मारली. मी डोळे उघडले.

"बटाटा का नाही कोरलास?"

मी म्हटलं, "कोरणारच होते. नाही जमलं."

त्यांनी मान हलवली, पेनचं टोपण लावलं आणि पेन मोठ्या डॉक्टरांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांना म्हणाले, "साहेब, बावीस वर्षं तुम्ही मला सांगत आलात, दात म्हणजे दात. समोर ठेवला तरी ओळखला नाहीत. तुमच्या हाताखाली मी माझी पोरगी ठेवणार नाही."

एवढं बोलून त्यांनी ट्रेमधला तो दात उचलला, भिंगाच्या डबीत टाकला आणि चालायला लागले. मोठे डॉक्टर मागून ओरडले की नमुना नेता येत नाही, ती कॉलेजची मालमत्ता आहे. बाबा वळलेसुद्धा नाहीत. दारातून म्हणाले, "माझा दात आहे तो."

बाहेर पायऱ्या उतरताना मी थँक्यू म्हणणार होते, पण बाबांनी मला तेवढीही संधी दिली नाही. हे तुझ्यासाठी केलं असं समजू नकोस, म्हणाले, मी त्या साहेबाला धडा द्यायला केलंय. आणि तुझे दगड मला अजूनही मूर्खपणाच वाटतात. मला इतका राग आला की मी उरलेला रस्ता त्यांच्या दहा पावलं पुढे चालले. माझ्या आयुष्याचा निर्णय झाला होता, मला हवा तसा झाला होता, आणि त्यातही या माणसाने माझा विचार केला नव्हता. शुक्रवारी मी एकटीच जाऊन भूशास्त्राला नाव पक्कं केलं.

मोठ्या डॉक्टरांचं काम बंद झालं. डब्यांची निम्मी फळी रिकामी झाली. त्याबद्दल बाबांनी मला एका शब्दाने कधी ऐकवलं नाही, आणि बाकी सगळ्याबद्दल ऐकवलं. मी सुट्टीत दगड घेऊन आले की उंबऱ्याच्या बाहेर ठेवायला लावायचे. माझ्या शिक्षणाचं कोणी विचारलं तर सांगायचे, खडी फोडते. मीही काही कमी नव्हते. फोनवर मी आईशीच बोलायचे, आणि ते मागून काही म्हणाले तर ऐकू आलं नाही असं करायचे.

सहा वर्षांनी, मी खाणींच्या पाहणीच्या कामावर असताना, आईचा फोन आला. बाबांचा पुढचा दात तुटला, खाचेपाशीच, तार दातात धरताना. मी म्हटलं, बरं झालं, किती वेळा सांगितलं होतं. मग सुट्टी काढून घरी गेले.

तोवर नवा दात बसला होता. नव्याने दवाखाना थाटलेल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंकडून त्यांनी मुळावरचा भाग नीट करून घेतला होता, माप मात्र घरी आणलं होतं. दाताला दुसरं कोणी हात लावायचा नाही अशी अटच होती. बाबा बाकावर बसलेले, माझ्याकडे न बघता म्हणाले, आलात का खाणवाले, चपला बाहेर. आणि बोलताना दात दिसला. कडेला खाच होती. एका बाजूला झुकलेली.

नव्या दाताला खाच कोण ठेवतं? मी आईकडे बघितलं. तिने मला आत नेऊन सांगितलं. भिंगाच्या डबीतून माझा मेणाचा दात त्यांनी काढला होता, आतून पोकळ करून मापावर बसवला होता, प्लॅस्टरमध्ये गाडून भट्टीत घातला होता. मेण जळून गेलं आणि त्या पोकळीत पोर्सिलेन भरलं. सहा वर्षं डबी खिशातच असायची, म्हणाली, मला वाटायचं भिंगच आहे. सुंभ जळला पण पीळ तेवढा राहिला बघ, असं म्हणून ती चहा ठेवायला गेली.

मी बाहेर आले. बाबांनी मान वर करून बघितलं. मोटर थांबवून म्हणाले, बसायला बसला, पण डाव्या बाजूला कणभर जास्त ठेवला होतास. खालच्या दाताला लागत होता. घासावा लागला मला.

मी त्यांच्या समोरच्या स्टुलावर बसले. सहा वर्षांत इतक्या जवळून मी त्यांच्याकडे बघितलं नव्हतं. केसांवरची पांढरी पूड आता पूड नव्हती. हात कामाच्या टेबलावर टेकवूनही थोडा हलत होता.

"जास्त नव्हता, बाबा," मी म्हटलं. "तेव्हा होता तेवढाच कोरला होता. तुमचे बाकीचे दात झिजलेत."

त्यांनी तोंड उघडलं, मला वाटलं आता घर डोक्यावर घेणार. पण त्यांनी ते परत मिटलं, भिंग पुसलं आणि मोटर सुरू केली. थोड्या वेळाने फळीवरची एक डबी माझ्याकडे सरकवली आणि मेणाचा एक तुकडा दिला. मी तो तळहातात धरला आणि विचारलं, कोणाचा आहे.